अनोळखी इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग, अर्थ आणि मूळ: कोणता ऑनलाइन कोश किती कामाचा?

नेहमीच्या इंग्रजी शब्दासाठी कुठलाही कोश चालतो. कोशाचा कस लागतो तो क्वचित भेटणाऱ्या शब्दापाशी. स्पेलिंग असंच का, आज अर्थ काय आणि शब्द आला कुठून, अशा तीन गोष्टी तेव्हा हव्या असतात, आणि तिन्हींत अव्वल असा एकही कोश नाही.

इथे मेरियम-वेबस्टर, एटिमऑनलाइन, अमेरिकन हेरिटेज, विक्शनरी आणि ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, म्हणजेच ओईडी, यांच्याबद्दल लिहिलं आहे. पहिले चार मोफत पाहता येतात. ओईडीच्या नोंदीचा थोडाच भाग मोफत दिसतो. पूर्ण नोंदीसाठी वर्गणी लागते किंवा वर्गणीदार ग्रंथालयाचं सभासदत्व. कसोटीसाठी शब्द मुद्दाम निरनिराळ्या जातीचे घेतले आहेत. 'सिझिजी' सरळ ग्रीक घराण्यातला. 'टार्मिगन'ला एक अक्षर उगीच चिकटलेलं. 'पेट्रिकोर' शास्त्रज्ञांनी घडवलेला. 'माँगूस' आपल्या मुंगसाचाच. आणि 'पॉश'चं मूळ आजवर कुणालाही ठामपणे सांगता आलेलं नाही.

निकाल आधीच सांगतो. स्पेलिंग आणि उच्चारासाठी मेरियम-वेबस्टर. मुळाशी पहिली ओळख करून घ्यायला एटिमऑनलाइन. कुणी विचारलं की 'कशावरून?', तर ओईडीला पर्याय नाही.

शब्द नुसता ऐकलेला असेल तर स्पेलिंगपाशीच गाडी अडते. 'सिझिजी' ऐकून कुणी एस-आय-झेड लिहील, कुणी एस-वाय-एस. अशा वेळी कोश उघडण्याआधी वनलुक उघडावं. हा स्वतः कोश नाही. अनेक कोशांत एकदम शोधणारी ती जागा आहे. तिथे ठाऊक नसलेल्या एका अक्षरासाठी प्रश्नचिन्ह आणि कितीही अक्षरांसाठी तारका लिहिता येते. एस, प्रश्नचिन्ह, झेड, प्रश्नचिन्ह, जी, वाय असं टाकलं की शब्द समोर येतो. उलटा शोधही होतो: अर्थ लिहायचा, शब्द मिळतो. मेरियम-वेबस्टर चुकीच्या स्पेलिंगवर जवळचे शब्द सुचवतो, पण त्यासाठी सुरुवातीची अक्षरं तरी बरोबर लागतात. सुरुवातीचं अक्षर मुकं असलं की ही सोय अपुरी पडते.

स्पेलिंग मिळालं तरी ते लक्षात राहतं ते घडण कळल्यावरच. सिझिजी म्हणजे एस-वाय-झेड-वाय-जी-वाय. ग्रीक 'सिन', म्हणजे एकत्र, आणि 'झिगोन', म्हणजे जू. झेडपुढे 'सिन'मधला एन गळतो, म्हणून एस-वाय. मधले झेड-वाय-जी म्हणजे जू. शेवटचा वाय हा नाम करणारा प्रत्यय. वाय तीनदा येतो आणि ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही अक्षर येत नाही. पहिले दोन वाय ग्रीकमधल्या उप्सिलॉन या अक्षराच्या जागी आलेले आहेत, त्यामुळे तिथे आय लिहायला वावच नाही. हेच झेड-वाय-जी 'झायगोट'मध्येही आहे. फक्त तिथे जी पुढे ओ असल्याने 'ग' उच्चारतात आणि इथे पुढे वाय असल्याने 'ज'. अनेकवचनात वाय जाऊन आय-ई-एस येतं. एवढं कळलं की स्पेलिंग पाठ करावं लागत नाही.

घडणीची ही फोड एटिमऑनलाइनवर दोन-तीन ओळींत मिळते. मेरियम-वेबस्टरवरही व्युत्पत्ती असते, पण आटोपशीर. एन का गळला हे आपलं आपण ताडायचं. उच्चाराच्या बाबतीत मात्र मेरियम-वेबस्टर पुढे आहे. ध्वनिफीत स्वच्छ असते आणि शब्दाचे तुकडे पाडून दाखवलेले असतात. एटिमऑनलाइनवर उच्चार बघायला जाऊ नये, कारण ते त्या स्थळाचं कामच नव्हे. पेट्रिकोरसारख्या शब्दात याचा फटका बसतो. सी-एच दिसलं की 'पेट्रिचोर' म्हणावंसं वाटतं, पण ते ग्रीक सी-एच आहे, उच्चार 'क'.

कोशांचं आपसात पटत नाही अशीही स्पेलिंगं असतात. 'मिनस्क्यूल', म्हणजे अगदी छोटं, हा शब्द लॅटिन 'मिनुस'शी नातं सांगणारा, म्हणून एम-आय-एन-यू. पण 'मिनी'च्या ओढीने एम-आय-एन-आय असं लिहिणारे इतके झाले की मेरियम-वेबस्टर ते पर्यायी रूप म्हणून नोंदवतो. चूक समजणारेही पुष्कळ आहेत. इथे कोश काय करतोय ते ओळखावं: लोक काय लिहितात हे तो नोंदवतो, तुम्ही काय लिहावं याचा हुकूम देत नाही. छापायच्या मजकुरात जुनं, यू असलेलं रूपच ठेवावं. त्यावर कुणी बोट ठेवत नाही.

आता अर्थ. पहिल्या क्रमांकाचा अर्थ तोच मुख्य, असं समजून पुढे जाणं ही सर्रास होणारी चूक आहे. ओईडी आणि मेरियम-वेबस्टर अर्थ ऐतिहासिक क्रमाने लावतात: जो आधी रूढ झाला तो आधी. अमेरिकन हेरिटेज आज जो मध्यवर्ती मानला जातो तो अर्थ आधी देतो. गूगलवर शब्द टाकला की वर जी चौकट उघडते तिचा मजकूर ऑक्सफर्ड लँग्वेजेसकडून येतो. त्यातही आजचा अर्थ आधी असतो. नावात ऑक्सफर्ड असलं तरी तो मजकूर ओईडीचा नव्हे. तो आजच्या इंग्रजीचा वेगळा कोश आहे. 'ओईडीत असं दिलंय' म्हणून या चौकटीचा हवाला देणारे लेख सर्वत्र सापडतात आणि तो हवाला सरळसरळ चुकीचा असतो.

सिझिजीच्या बाबतीत छोट्या कोशांची मर्यादा लगेच उघडी पडते. बहुतेक ठिकाणी खगोलातला अर्थ मिळतो: सूर्य, पृथ्वी आणि चंद्रासारखे तीन गोल जवळपास एका रेषेत येणं. अमावास्या आणि पौर्णिमा, दोन्ही त्यात आल्या. उधाणाची भरती याच स्थितीत येते. पण बीजगणिताच्या पुस्तकात हा शब्द भेटला तर हा अर्थ काहीच उपयोगाचा नाही. तिथे तो घटकांमधल्या संबंधांना लावतात आणि गणितज्ञ हिल्बर्ट यांच्या 1890च्या प्रसिद्ध प्रमेयाच्या नावातही तो आहे. छंदशास्त्रात त्याचा अर्थ आणखी निराळा. विक्शनरी आणि ओईडी असे शास्त्रागणिक अर्थ वेगळे देतात. म्हणून शब्द कुठल्या विषयाच्या मजकुरात आलाय हे आधी बघा आणि मगच कोश निवडा.

अर्थाआधी येणाऱ्या खुणांकडेही लक्ष हवं. 'लुप्त', 'जुनाट', 'विरळ', 'बोलीतला' अशा अर्थाच्या या खुणा म्हणजे वापराचा इशारा असतो. ओईडीत शब्दाआधी कट्यारीसारखं चिन्ह दिसलं तर तो शब्द किंवा तो अर्थ वापरातून गेलेला आहे. एकदाच कुणीतरी प्रसंगापुरता बनवून वापरलेल्या शब्दांना ओईडी 'नॉन्स-वर्ड' म्हणतो. असा शब्द निबंधात घातला तर वाचणाऱ्याला तो चुकीचाच वाटेल.

एटिमऑनलाइन हे डग्लस हार्पर या एका माणसाने उभं केलेलं काम आहे आणि त्याबद्दल मनापासून आदर वाटतो. नोंद छोटी, भाषा सोपी, आणि प्रत्येक टप्प्याला रूप आणि अर्थ दोन्ही दिलेले. मुळाच्या दुव्यावर टिचकी मारली की त्या मुळाचं सगळं गोत उलगडतं. सिझिजीच्या तळाशी 'जोडणे' अर्थाचं जे इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी यांच्या समान पूर्वज भाषेतलं, मूळ आहे, त्याच्या पानावर इंग्रजी 'योक', 'जॉइन', 'जंक्शन', 'काँज्युगल', 'झायगोट' आणि संस्कृतातून गेलेला 'योग' हे सगळे एकत्र दिसतात. मराठी वाचकाने त्या यादीत बैलाच्या मानेवरचं 'जू' मनाने घालून घ्यावं. तेही संस्कृत 'युग'वरून, त्याच मुळातून आलेलं आहे.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. इथे अवतरणं नाहीत. शब्द अमुक दशकात आला असं लिहिलेलं असतं, पण तो कुठल्या पुस्तकात, कुठल्या वाक्यात आला हे कळत नाही. सालं मुख्यतः आधीच्या कोशांवरून घेतलेली असतात. त्यामुळे एखाद्या शब्दाचा जुना वापर नव्याने सापडला तर तो इथे उमटायला वेळ लागू शकतो. शिवाय ते साल शब्द लिखाणात पहिल्यांदा सापडल्याचं असतं, जन्माचं नव्हे. बोलण्यात तो कितीतरी आधीपासून असू शकतो.

मेरियम-वेबस्टरवरचं 'पहिला ज्ञात वापर' हे साल तर आणखी जपून वाचावं. ते त्या नोंदीत पहिल्या क्रमांकावर दिलेल्या अर्थाचं असतं. शब्दाचा त्याहून जुना अर्थ लुप्त झाल्यामुळे कोशात घेतलेलाच नसेल, तर शब्द प्रत्यक्षात त्या सालाहून जुना असतो. दोन कोशांत शंभर-दोनशे वर्षांचा फरक दिसला की लोक गोंधळतात. बहुतेक वेळा दोन्ही कोश बरोबर असतात. ते वेगवेगळ्या अर्थांची सालं देत असतात.

अमेरिकन हेरिटेजचं एकच अंग इथे महत्त्वाचं: भाषाशास्त्रज्ञ कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांनी तयार केलेलं इंडो-युरोपीय मुळांचं परिशिष्ट. मूळ कुठल्या ध्वनिबदलांनी कुठल्या शाखेत कसं गेलं, याची इतकी नेटकी मांडणी दुसऱ्या सर्वसाधारण कोशात नाही. मुळाआधीची तारका म्हणजे ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही. अभ्यासकांनी तुलनेने पुन्हा उभं केलेलं आहे. ही तारका उतरवून घेताना लोक गाळतात आणि मग अनुमान दस्तऐवज होऊन बसतं.

विक्शनरीबद्दल मत दुहेरी आहे. इंग्रजीबाहेरच्या भाषांपर्यंत पोचायचं तर मोफत जागांत तिला तोड नाही. एकाच पानावरून ग्रीक, लॅटिन, कन्नड, मराठी अशा नोंदींकडे जाता येतं आणि मूळ लिपीतलं रूप दिसतं. पण कुणीही लिहू शकत असल्यामुळे व्युत्पत्तीचा दर्जा नोंदीगणिक बदलतो. तिथे तीन गोष्टी बघाव्यात. खाली संदर्भ दिलेत का? पानाच्या इतिहासात व्युत्पत्तीचा भाग कुणी, कधी, कशाच्या आधारे घातला? पडताळणीची विनंती करणारी खूण लागली आहे का? इंग्रजीसारख्या भाषेत शब्द टिकायला किमान वर्षभराच्या अंतरात पसरलेले तीन स्वतंत्र वापर दाखवावे लागतात, असा तिचा नियम आहे आणि तो चांगला आहे. मात्र तो शब्दाच्या अस्तित्वाला लागू पडतो, व्युत्पत्तीच्या खरेपणाला नव्हे.

माँगूसच्या निमित्ताने हा फरक नीट दिसतो. मेरियम-वेबस्टर आणि एटिमऑनलाइन दोघेही मराठीकडे बोट दाखवतात. शब्द पोर्तुगीजमार्गे इंग्रजीत आला असावा आणि मराठीच्याही मागे द्राविडी मूळ असावं, असं ते सावधपणे नोंदवतात. तेलुगू आणि कन्नडमध्ये मिळतेजुळते शब्द आहेतच. शेवटचं स्पेलिंग जी-ओ-ओ-एस-ई असं झालं ते हंसाच्या जातीच्या 'गूस' या पक्ष्याच्या नावाशी घातलेल्या सांगडीमुळे, असं मानलं जातं. नातं मात्र काही नाही. म्हणूनच अनेकवचन 'गीझ'सारखं होत नाही. शेवटी नुसता एस लागतो. चांगला कोश हे अनेकवचन आवर्जून लिहितो. लिहिलेलं नसेल तर त्या कोशाला तेवढे गुण कमी.

टार्मिगन हा थंड प्रदेशातला, हिवाळ्यात पांढरा होणारा पक्षी. स्पेलिंगच्या सुरुवातीला पी, उच्चारात त्याचा पत्ता नाही. शब्द स्कॉटिश गेलिकमधल्या 'तार्मखन'सारख्या रूपावरून आला. तिथे पी नाही. सतराव्या शतकात हा ग्रीक शब्द असावा अशा समजुतीने, पंख या अर्थाच्या ग्रीक 'प्टेरॉन'च्या धर्तीवर, पी पुढे लावला गेला आणि तो कायमचा राहिला. सुमार कोश फक्त 'गेलिकमधून' एवढं म्हणून थांबतो. पी कुठून आला याचा खुलासा करत नाही. एटिमऑनलाइन आणि ओईडी करतात. कोश जोखायचा असेल तर असे मुके अक्षर असलेले शब्द टाकून बघावेत, फरक चटकन कळतो.

पेट्रिकोर ही याउलट सोपी कसोटी, कारण जन्मदाखला उपलब्ध आहे. कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की येणाऱ्या गंधासंबंधी इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 'नेचर'मध्ये 1964 साली लिहिलेल्या लेखात तो पहिल्यांदा आला. ग्रीक 'पेट्रा', म्हणजे खडक, आणि 'इकोर', म्हणजे देवांच्या नसांतून वाहणारा द्रव. ज्या नोंदीत साल आणि घडवणाऱ्यांची नावं नाहीत, फक्त 'ग्रीकमधून' लिहिलंय, ती नोंद दिशाभूल करते. प्राचीन ग्रीकांना हा शब्द माहीत नव्हता. सुटे भाग ग्रीक, शब्द विसाव्या शतकातला.

आता ओईडी. या कोशाची कल्पना लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत 1857 साली पुढे आली. पहिला भाग 1884 साली निघाला आणि पहिली आवृत्ती 1928 साली पुरी झाली. दुसरी आवृत्ती 1989 साली 20 खंडांत आली. 2000 साली ऑनलाइन झाल्यापासून तिसऱ्या आवृत्तीसाठी एकेक नोंद नव्याने तपासली जात आहे. त्याचं वेगळेपण अवतरणांत आहे. प्रत्येक अर्थाखाली साल, ग्रंथ आणि प्रत्यक्ष वाक्य, जुन्यापासून नव्यापर्यंत. अर्थ कसा सरकत गेला हे कोशकाराच्या शब्दावर विश्वास न ठेवता स्वतः वाचता येतं. दुसरी अमोल गोष्ट म्हणजे रूपांची यादी: शब्द कुठल्या शतकात कसकसा लिहिला गेला. टार्मिगनला पी कधी लागला हे असल्या यादीतच डोळ्यांनी दिसतं. शिवाय आजच्या वापरातली वारंवारता आठ पट्ट्यांत दाखवलेली असते, त्यामुळे 'विरळ' म्हणजे किती विरळ हे मोजून कळतं.

नोंद उघडल्यावर आधी ती सुधारलेली आहे की जुनीच, हे बघावं; तशी सूचना नोंदीतच असते. जुन्या नोंदीतली व्युत्पत्ती शंभर वर्षांपूर्वीच्या अभ्यासावर बेतलेली असू शकते आणि पहिल्या वापराचं साल नंतरच्या शोधांनी मागे गेलेलं असू शकतं. ओईडीतही चुका आणि गाळलेल्या जागा राहिल्या आहेत: 'बाँडमेड', म्हणजे दासी, हा शब्द त्याच्या नोंदीच्या चिठ्ठ्या हरवल्यामुळे पहिल्या आवृत्तीतून सुटला तो सुटलाच, 1933च्या पुरवणीत त्याला जागा मिळाली.

व्युत्पत्ती नसणं हा केवढा मोठा इशारा असतो, हे 'डॉर्ड'च्या प्रकरणातून शिकावं. वेबस्टरच्या 1934च्या मोठ्या कोशात 'डॉर्ड' हा शब्द घनता या अर्थाने छापला गेला. मूळ चिठ्ठी रसायनशास्त्राचे संपादक ऑस्टिन पॅटरसन यांनी 1931 साली पाठवलेली. त्यांना एवढंच सांगायचं होतं की मोठं किंवा लहान डी हे अक्षर घनतेचं संक्षिप्त रूप म्हणूनही घ्यावं. 'डी ऑर डी' ही अक्षरं जोडून वाचली गेली, चिठ्ठी संक्षिप्त रूपांऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली आणि नसलेला शब्द जन्माला आला. 1939 साली एका संपादकाला तो खटकला, कारण नोंदीत व्युत्पत्तीच नव्हती. छापील कोशातून तो 1947 साली गेला. अशा शब्दांना इंग्रज भाषाभ्यासक वॉल्टर स्कीट यांनी 1886 सालीच 'घोस्ट वर्ड' असं नाव दिलं होतं. म्हणून एखाद्या अनोळखी शब्दाला व्युत्पत्ती नाही, अवतरण नाही आणि तो एकाच कोशात आहे असं दिसलं, तर तो वापरू नये.

पण 'मूळ अज्ञात' असं लिहिलेलं असणं ही अगदी वेगळी गोष्ट आहे. तो कोशाचा प्रामाणिकपणा. पॉश हा बोटीच्या तिकिटावरच्या 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' (जाताना डावीकडची खोली, परतताना उजवीकडची) या चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून झाला, ही कथा अनेक स्थळांवर ठाम सुरात मिळते. त्याला तत्कालीन पुरावा नाही. असा शिक्का असलेलं एकही तिकीट पुढे आलेलं नाही. जबाबदार कोश मूळ अनिश्चित म्हणतात आणि ही कथा निराधार असल्याचं नोंदवतात. विसाव्या शतकाआधीच्या शब्दाचं मूळ आद्याक्षरांत सांगितलेलं दिसलं की तिथेच थांबावं. आद्याक्षरं जोडून शब्द करायची रीत त्याआधी फारच क्वचित होती.

वर्गणी परवडत नसेल तर ओईडीच्या पहिल्या आवृत्तीचे खंड इंटरनेट अर्काइव्हवर छायाप्रतीत मोफत वाचता येतात. तिथे नाव वेगळं असतं: 'अ न्यू इंग्लिश डिक्शनरी ऑन हिस्टॉरिकल प्रिन्सिपल्स'. वाचायची खूणगाठ अशी. रूपांपुढचे 5-7 असे आकडे म्हणजे पंधरावं ते सतरावं शतक. 1 म्हणजे 1100च्या आधीचं. व्युत्पत्तीत एकटं ए आणि टिंब म्हणजे शब्द जसाच्या तसा घेतलेला, ए-डी आणि टिंब म्हणजे इंग्रजी वळणाने बदलून घेतलेला. आणि जुन्या पुस्तकांच्या छायाप्रतींत स्वतः शोध घ्यायचा असेल तर अठराव्या शतकापर्यंतचा लांब एस, म्हणजे एफसारखा दिसणारा जुना एस, विसरू नये. संगणक तो पुष्कळदा एफ म्हणून वाचतो. त्यामुळे सिझिजी शोधताना पहिल्या एसच्या जागी एफ टाकूनही एकदा शोधावं. तसा सापडला तर पानाची प्रतिमा उघडून पुस्तकाचं मुखपृष्ठ आणि साल ताडून घ्यावं, कारण स्थळाने नोंदवलेली सालंही चुकलेली असतात.